उन्हाची मोजणी : सौर प्रारण व हवामान नोंदींचा इतिहास आणि दोंडाईचा परिसरातील सौर प्रकल्प

बीजसंज्ञा : सौर प्रारण, हवामान नोंदी, खानदेश, दोंडाईचा, सौर ऊर्जा, भूसंपादन

प्रस्तावना

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेस सह्याद्री अशा चौकटीत वसलेल्या खानदेशची ओळख सर्वसाधारणपणे तापी नदी, कापूस, केळी आणि मिरची यांच्याशी निगडित आहे. या प्रदेशातील कडक उन्हाचाही उल्लेख वारंवार होतो; परंतु तो बहुधा तक्रारीच्या सुरात होतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मात्र या उन्हाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात २०१३ मध्ये १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर विद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला आणि शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा परिसर ५०० मेगावॅटच्या नियोजित सौर उद्यानासाठी निवडला गेला. जे ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसले गेले, ते आता साधनसंपत्ती म्हणून गणले जाऊ लागले.

एखादी नैसर्गिक गोष्ट केवळ विपुल आहे म्हणून ती साधनसंपत्ती ठरत नाही. ती किती आहे, कोणत्या काळात आहे आणि तिच्यावर कितपत विसंबता येईल, याची नोंद असावी लागते. पावसाची नोंद ठेवण्याची परंपरा भारतात जुनी आहे, कारण महसूल आणि दुष्काळ यांचा हिशेब पावसावर अवलंबून होता. उन्हाच्या मोजणीचा इतिहास त्या मानाने अलीकडचा असून तो फारसा लिहिला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात हा इतिहास महाराष्ट्राच्या संदर्भात मांडून त्याचा दोंडाईचा परिसराशी असलेला संबंध तपासला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सौर प्रारण मोजणीच्या साधनांचा व संस्थांचा विकासक्रम मांडणे.
२) सौर प्रकल्पांच्या दृष्टीने प्रारण व हवामान नोंदींचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) धुळे जिल्ह्यातील प्रकल्पांच्या संदर्भात स्थानिक नोंदींच्या उणिवेचा विचार करणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

खानदेशचे ऊन : अनुभव आणि आकडा

दोंडाईचा हे तापीच्या दक्षिणेस, सुमारे २१.३ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले व्यापारी गाव. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर ते पश्चिम खानदेशात आले; तोच जिल्हा पुढे धुळे या नावाने ओळखला जाऊ लागला. तापी खोऱ्यातून सुरत आणि भुसावळ यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरील स्थानक आणि मिरचीची बाजारपेठ यांमुळे गावाला महत्त्व प्राप्त झाले. मिरची वाळविण्याच्या पथारी हा नंदुरबार-दोंडाईचा पट्ट्यातील सौर ऊर्जेचा जुना आणि सर्वांत स्वस्त उपयोग होय. कोणत्या महिन्यात मिरची चांगली वाळते, ढगाळ हवेत ती कशी काळवंडते, हे पथारीवर काम करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असते. परंतु हे ज्ञान आकड्यात मांडलेले नसते.

अनुभव आणि आकडा यांत कसे अंतर पडते, याचे एक उदाहरण लक्षणीय आहे. दोंडाईच्याच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा माध्यान्ही नेमका डोक्यावर येतो : एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यास. खगोलीय दृष्टीने हे दोन्ही दिवस जवळपास समान होत. प्रत्यक्षात मात्र मे महिन्यात आकाश निरभ्र असते, तर जुलैमध्ये नैर्ऋत्य मोसमी ढगांचे आच्छादन असते. म्हणजे पंचांगाच्या गणितावरून जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेचा अंदाज बांधता येत नाही. वातावरणात काय घडते ते त्या ठिकाणीच मोजावे लागते. दुसरी बाब अशी की, कडक उन्हाळा हा सौर विजेचा सर्वोत्तम काळ असेलच असे नाही. सौर पटलांची क्षमता प्रति चौरस मीटर १००० वॉट प्रारण आणि २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितली जाते. स्फटिकी सिलिकॉनच्या पटलाचे उत्पादन प्रत्येक वाढीव अंशाला साधारण ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर गेले आणि पटलाचे तापमान ७० अंशांपर्यंत पोहोचले, तर उत्पादनात सुमारे १८ टक्के घट संभवते. त्यामुळे सौर प्रकल्पासाठी प्रारणाबरोबरच तापमान, वारा, आर्द्रता आणि धूळ यांच्या नोंदीही तितक्याच आवश्यक ठरतात.

पूर्वेतिहास : कुलाबा ते पुणे

महाराष्ट्रातील आधुनिक हवामान निरीक्षणाचा आरंभ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपासून होतो. ही वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली. पुढे गणिती म्हणून नावारूपास आलेले केरो लक्ष्मण छत्रे १८४० मध्ये येथेच साहाय्यक म्हणून रुजू झाले. यंत्रावरील आकडा ठरावीक वेळी वाचणे आणि तो न चुकता नोंदविणे, या शिस्तीशी मराठी विद्वानांचा परिचय अशा संस्थांमधून झाला. तथापि या काळातील निरीक्षणांचा भर वायुभार, तापमान, पर्जन्य आणि भूचुंबकत्व यांवर होता; सूर्याकडून येणारी ऊर्जा हा स्वतंत्र मोजणीचा विषय झालेला नव्हता.

सूर्याचा इंधन म्हणून विचार मात्र त्याच मुंबईत, मोजणीची व्यवस्था निर्माण होण्यापूर्वीच झाला. मुंबई उच्च न्यायालयात उपनिबंधक असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी अनेक सपाट आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरण एकवटून पाणी उकळविले आणि सुमारे अडीच अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र चालवून दाखविले. उष्ण कटिबंधातील देशांत सौर उष्णता इंधनाची जागा घेऊ शकेल, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक १८७८ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रयोग यशस्वी झाला तरी त्यातून उद्योग उभा राहिला नाही. दगडी कोळशाची उपलब्धता हे त्याचे एक प्रमुख कारण होय. परंतु वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती सौर उष्णता मिळेल हे सांगणारी नोंद त्या काळी कोणाजवळच नव्हती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. कोळसा वजनावर विकत घेता येत होता. उन्हाचे वजन अद्याप झालेले नव्हते.

१८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. १९२८ मध्ये या विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले आणि १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली तेथे कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. शेतीच्या निमित्ताने सूर्यप्रकाशाच्या नोंदीला महत्त्व आले. यासाठी वापरले जाणारे कॅम्पबेल-स्टोक्स उपकरण अतिशय साधे आहे. १८५३ मध्ये कॅम्पबेल यांनी त्याची मूळ कल्पना मांडली व १८७९ मध्ये स्टोक्स यांनी तिला आजचे रूप दिले. काचेचा भरीव गोळा सूर्यकिरण एकवटतो आणि त्यामागील जाड कागदी पट्टीवर जळका माग उमटतो. या मागाच्या लांबीवरून दिवसातील सूर्यप्रकाशाचे तास मोजले जातात.

या उपकरणाने सूर्य किती वेळ तळपला हे समजते. किती तळपला हे समजत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वीडिश शास्त्रज्ञ ऑंगस्ट्रॉम यांनी १९२४ मध्ये सूर्यप्रकाशाचे तास आणि एकूण प्रारण यांचा संबंध दर्शविणारे सूत्र मांडले. प्रेस्कॉट यांनी १९४० मध्ये त्यात सुधारणा केली. या सूत्रातील स्थिरांक प्रत्येक ठिकाणच्या हवामानानुसार बदलतात. ते निश्चित करण्यासाठी काही ठिकाणी तरी प्रारणाची प्रत्यक्ष मोजणी करणे अपरिहार्य असते.

अ‍ॅना मणी आणि प्रारण केंद्रांचे जाळे

ही प्रत्यक्ष मोजणी भारतात पद्धतशीरपणे सुरू झाली ती १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने. या कार्याच्या सूत्रधार अ‍ॅना मणी या होत्या. १९१८ मध्ये त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे जन्मलेल्या मणी यांनी बंगळूर येथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. इंग्लंडमध्ये हवामान उपकरणांचे प्रशिक्षण घेऊन १९४८ मध्ये त्या पुण्याच्या हवामान विभागात रुजू झाल्या. तोवर साधी उपकरणेही परदेशातून मागवावी लागत. सुमारे शंभर हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून त्यांच्या देशी निर्मितीचा पाया घालण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. प्रारणमापक उपकरणांची जुळणी व अंशशोधन पुण्यात होऊ लागले.

प्रारणमापनाची तीन अंगे आहेत. आडव्या पृष्ठभागावर सर्व दिशांनी पडणारे एकूण प्रारण पायरॅनोमीटरने मोजले जाते. काळ्या पृष्ठभागाची उष्णता व त्यातून निर्माण होणारा सूक्ष्म विद्युत दाब हे त्यामागील तत्त्व होय. थेट सूर्यबिंबाकडून येणारे प्रत्यक्ष प्रारण पायरहेलिओमीटर या नळीसारख्या उपकरणाने मोजतात; ते दिवसभर सूर्याच्या रोखाने फिरते ठेवावे लागते. ढग, धूळ व हवेचे रेणू यांच्यामुळे विखुरलेले विसरित प्रारण मोजताना पायरॅनोमीटरवर छायाकडे बसवून थेट किरण अडविले जातात. ही तिन्ही मापे एकमेकांशी गणिताने जोडलेली असल्यामुळे एकातील चूक दुसऱ्यावरून पकडता येते. उपकरणांच्या काचेवर साचलेली धूळ, चुकलेली समपातळी किंवा वेळेवर न झालेले अंशशोधन यांमुळे वर्षभराची नोंद निरुपयोगी ठरू शकते. म्हणूनच या क्षेत्रात यंत्राइतकेच ते रोज पुसणाऱ्या निरीक्षकालाही महत्त्व आहे.

१९७६ मध्ये निवृत्त झाल्यानंतर मणी यांनी या जाळ्यातून जमलेली आकडेवारी ग्रंथबद्ध केली. भारताच्या सौर प्रारण आकडेवारीची त्यांची हस्तपुस्तिका १९८० मध्ये प्रकाशित झाली, तर एस. रंगराजन यांच्यासह लिहिलेला भारतावरील सौर प्रारणविषयक ग्रंथ त्यानंतर लवकरच आला. पुढे त्यांनी पवन ऊर्जेच्या आकडेवारीचेही असेच संकलन केले. सौर विजेची बाजारपेठ अस्तित्वात नसताना हे काम झाले, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे. परंतु या जाळ्याची मर्यादाही स्पष्ट होती. अहमदाबाद, भावनगर, मुंबई, पुणे आणि नागपूर ही केंद्रे खानदेशच्या सभोवती होती. दोंडाईच्यापासून भावनगर सुमारे २५०, पुणे ३०० हून अधिक, तर नागपूर साडेचारशेहून अधिक किलोमीटर दूर. भावनगरवर समुद्राचा प्रभाव, पुणे घाटमाथ्याच्या छायेत; तापीच्या सखल, कोरड्या खोऱ्याचे हवामान यांपैकी कोणत्याही केंद्राच्या नोंदीवरून नेमके सांगता येत नव्हते.

उपग्रह, नकाशे आणि नवी केंद्रे

११ जानेवारी २०१० रोजी जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाचा आरंभ झाला आणि २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे उद्दिष्ट ठरविण्यात आले; २०१५ मध्ये ते १,००,००० मेगावॅटपर्यंत वाढविण्यात आले. त्याच वर्षी, म्हणजे २०१० मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेच्या सहकार्याने उपग्रहांच्या प्रतिमांवरून तयार केलेले भारताचे सौर नकाशे उपलब्ध झाले. सुमारे १० किलोमीटरच्या चौकटीत प्रत्येक ठिकाणचा अंदाज त्यांत मिळत होता. खानदेशच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. परंतु उपग्रह जमिनीवरचे ऊन मोजत नाही. तो ढगांवरून परावर्तित झालेला प्रकाश पाहतो आणि खालच्या प्रारणाचा अंदाज गणिताने केला जातो. हवेतील धूळ आणि धूसरपणा यांबाबत हे गणित चुकण्याचा संभव असतो.

या चुकीची किंमत सौर-औष्णिक प्रकल्पांनी मोजली. अभियानाच्या पहिल्या टप्प्यात ४७० मेगावॅटचे सात सौर-औष्णिक प्रकल्प मंजूर झाले. हे तंत्र केवळ प्रत्यक्ष प्रारणावर चालते आणि ते उपग्रहाधारित अंदाजापेक्षा जमिनीवर कमी असल्याचे प्रत्यक्ष मोजणीतून दिसून आले. आर्थिक व तांत्रिक अडचणींत याची भर पडली आणि त्यांपैकी मोजकेच प्रकल्प पूर्ण झाले. विसरित प्रकाशावरही चालणाऱ्या पटलांच्या प्रकल्पांना हा फटका तितकासा बसला नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने चेन्नईच्या पवन ऊर्जा तंत्रज्ञान केंद्राकडे सौर प्रारण साधनसंपत्ती मूल्यमापनाचे काम सोपविले. २०१४ पासून ही संस्था राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था या नावाने ओळखली जाते. २०११ मध्ये पहिल्या टप्प्यातील ५१ केंद्रे उभी राहिली आणि पुढील टप्प्यात ही संख्या शंभरावर गेली. प्रत्येक केंद्रावर तिन्ही प्रकारचे प्रारण, तसेच तापमान, आर्द्रता, वायुभार, पर्जन्य, वाऱ्याचा वेग व दिशा यांची स्वयंचलित नोंद होते. कागदी पट्टीवरील जळक्या मागापासून सुरू झालेला हा प्रवास मिनिटागणिक होणाऱ्या नोंदीपर्यंत आला.

धुळे जिल्ह्यातील प्रकल्प आणि नोंदीचे अर्थशास्त्र

साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथील महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून उभा राहिला. अशा कर्जाचा पाया प्रारणाच्या अंदाजावर असतो. दहापैकी नऊ वर्षांत निश्चितपणे गाठले जाईल असे किमान उत्पादन किती, हा प्रश्न बँका विचारतात. याचे उत्तर एका वर्षाच्या नोंदीवरून देता येत नाही. त्यासाठी दीर्घकालीन मालिका लागते.

महाराष्ट्रात वर्षातील २५० ते ३०० दिवस स्वच्छ ऊन असते आणि दर चौरस मीटरला दिवसाकाठी ४ ते ६ किलोवॉट-तास ऊर्जा मिळते, असे विधान सर्वत्र आढळते. धोरणात्मक मांडणीसाठी ते पुरेसे आहे. परंतु ४ आणि ६ यांत दीडपटीचा फरक आहे. एखाद्या प्रकल्पाच्या बाबतीत पाच टक्क्यांच्या चुकीचाही परिणाम मोठा असतो. १२५ मेगावॅटच्या प्रकल्पाचा क्षमता-वापर १९ टक्के धरल्यास वार्षिक उत्पादन सुमारे २०.८ कोटी युनिट येते. त्यात पाच टक्क्यांची चूक म्हणजे वर्षाला सुमारे एक कोटी युनिट आणि प्रकल्पाच्या २५ वर्षांच्या आयुष्यात सुमारे २६ कोटी युनिट. ही तूट शेवटी वीजदरावर किंवा सार्वजनिक तिजोरीवर पडते.

दोंडाईच्याचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. येथे प्रथम सौर नव्हे, तर ३३०० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प नियोजित होता आणि त्यासाठी २००९ च्या सुमारास विखरण, मेथी आदी गावांतील जमिनींच्या संपादनाची प्रक्रिया सुरू झाली. पुढे औष्णिक प्रकल्प मागे पडला आणि त्याच जागेसाठी सौर उद्यानाचा प्रस्ताव पुढे आला. म्हणजे ही जागा ऊन मोजून निवडलेली नव्हती. आधी जागा ठरली आणि नंतर तेथील ऊन विचारात आले. खानदेशचे सर्वसाधारण प्रारणमान चांगले असल्यामुळे ही निवड तांत्रिक दृष्ट्या चुकीची ठरत नाही. परंतु सौर प्रकल्पासाठी हलकी, नापीक जमीन शोधण्याचे स्वातंत्र्य असते. कोळसा व पाणी यांच्या सोयीने ठरलेली जागा त्याला आवश्यक नसते. हा मुद्दा येथे दुर्लक्षित राहिला.

याच संपादनातील मोबदल्याच्या तफावतीबद्दल विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी वारंवार दाद मागितली. २२ जानेवारी २०१८ रोजी त्यांनी मंत्रालयात विष प्राशन केले आणि २८ जानेवारी रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यानंतर शासनाने फेरमूल्यांकनाचे आश्वासन दिले. या घटनेचे राजकीय व कायदेशीर पैलू प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेर आहेत. मात्र मोजणीच्या इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातून एक प्रश्न निर्माण होतो. प्रकल्पाच्या एका बाजूला प्रारणाची मोजणी असते. तिच्यात चूक राहू नये म्हणून तीन उपकरणे परस्परांची पडताळणी करतात. दुसऱ्या बाजूला त्याच जमिनीचा पंचनामा, प्रतवारी व मूल्यांकन असते. ज्याची जमीन गेली त्याला ही दुसरी नोंद पडताळून पाहण्याची तितकीच सोय आहे काय? एका नोंदीची अचूकता धनकोसाठी जपली जाते. दुसरीची अचूकता शेतकऱ्यासाठी जपली जाणे हे न्यायाचे किमान लक्षण होय.

स्थानिक नोंदींची आवश्यकता

२०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे सौर वीजनिर्मिती मोठ्या उद्यानांपुरती मर्यादित न राहता गावोगावच्या लहान प्रकल्पांकडे वळली आहे. मोठा प्रकल्प स्वतःचे प्रारण केंद्र उभारू शकतो; परंतु त्याची नोंद बहुधा त्याच्यापुरती राहते. लहान प्रकल्प मात्र उपग्रहाच्या अंदाजावरच अवलंबून असतात. महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ स्तरावर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांचा हेतू शेतीसाठी पर्जन्य, तापमान, आर्द्रता व वारा यांची नोंद हा होता. सौर प्रारणाची जोड या जाळ्याला मिळाल्यास ग्रामीण भागासाठी मोठे साधन उपलब्ध होईल.

या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची ठरते. भौतिकशास्त्र आणि भूगोल हे विभाग बहुतेक महाविद्यालयांत आहेत. गच्चीवर एक अंशशोधित पायरॅनोमीटर, एक तापमापक आणि पटलावरील धुळीचा परिणाम तपासण्यासाठी एक स्वच्छ व एक न पुसलेले अशी दोन लहान पटले एवढ्या सामग्रीवर दहा वर्षांची उपयुक्त मालिका तयार होऊ शकते. कापूस वेचणीच्या हंगामातील धूळ, उन्हाळ्यातील वावटळी, पहिल्या पावसाने होणारी पटलांची स्वच्छता या खास स्थानिक बाबी उपग्रहाला दिसत नाहीत. त्यासाठी खर्चापेक्षा सातत्याची गरज अधिक आहे. विद्यार्थी बदलतात, प्राध्यापक निवृत्त होतात. नोंद मात्र खंडित होता कामा नये, ही शिस्त संस्थेलाच पाळावी लागते.

निष्कर्ष

१) सौर ऊर्जेची कल्पना महाराष्ट्रात १८७८ इतकी जुनी आहे, तिला आधार देणारी पद्धतशीर मोजणी त्यानंतर सुमारे आठ दशकांनी, १९५७ पासून सुरू झाली.
२) अ‍ॅना मणी यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात झालेले उपकरण-निर्मितीचे व संकलनाचे कार्य हा आजच्या सौर नियोजनाचा पाया आहे.
३) उपग्रहाधारित अंदाज व्यापक नियोजनास उपयुक्त असले तरी ते भूस्थित मोजणीला पर्याय ठरत नाहीत, हे सौर-औष्णिक प्रकल्पांच्या अनुभवावरून सिद्ध होते.
४) दोंडाईचा येथे जागेची निवड सौर नोंदींच्या आधारे झालेली नव्हती. भावी प्रकल्पांत प्रारण, जमिनीची प्रत आणि शेतकऱ्याचा मोबदला यांचा एकत्रित विचार होणे आवश्यक आहे.
५) खानदेशातील महाविद्यालयांनी प्रारण व हवामानाच्या दीर्घकालीन नोंदी ठेवून त्या सर्वांसाठी खुल्या केल्यास प्रकल्पकर्ता, शासन आणि शेतकरी हे एकाच आकड्याच्या आधारे बोलू शकतील.

खानदेशात ऊन पूर्वीही होते आणि पुढेही राहील. त्याची नोंद कोण ठेवतो आणि ती कोणाला पाहता येते, यावर त्याचा लाभ कोणाला मिळेल हे ठरणार आहे.